मोज्यांतला तत्कार

पत्र

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, सातवीत. तीन वर्षांपासून कथक शिकतो. क्लासमध्ये एकवीस मुली आणि हा एकटा मुलगा. आजवर त्याला त्याचं काही वाटलं नाही, की आम्हाला कळलं नाही, देव जाणे.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा पडदा लावून सिनेमा दाखवतात. गेल्या महिन्यात ‘बिली इलियट’ दाखवा असं मीच सुचवलं. इंग्लंडमधल्या खाणकामगाराचा मुलगा, आई वारलेली, बाप बॉक्सिंगला धाडतो आणि हा जाऊन पोरींच्या बॅले क्लासात उभा राहतो. वाटलं, लेकाला बळ येईल, चार लोकांनाही थोडं कळेल.

झालं उलटंच. तो पोरगा पहिल्यांदा पोरींच्या रांगेत उभा राहिला तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणीतरी ‘आला नाच्या’ म्हणालं. शेजारच्या विंगेतले एक आजोबा आहेत, पूर्वी गिरणीत होते. ते मोठ्याने म्हणाले, ‘बाप बरोबर आहे त्याचा. असल्या पोराला दोन ठेवून द्यायला हव्यात.’ आणि शेवटी तेच आजोबा डोळे पुसत होते! बायका रडल्या, टाळ्याही वाजल्या. (सुरुवातीला तो गिरकी घेताना धडपडतो, तिथे मीसुद्धा हसले.) आमचे हे सबंध वेळ काही बोलले नाहीत, हसलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दोन मोठ्या मुलांनी माझ्या मुलाला ‘काय बिली’ म्हणून हाक मारली.

तेव्हापासून क्लास बंद. घुंगरांची दोरी विरली आहे, नवी ओवून आणते म्हटलं तर ‘राहू दे’ म्हणाला. रात्री सगळे झोपल्यावर न्हाणीघरातून दबका धपधप आवाज येतो. एकदा उठून पाहिलं तर मोजे घालून उभा होता. ‘काही नाही, पाय अवघडलेत,’ म्हणाला.

सिनेमा दाखवला ही माझी चूक झाली का? सोसायटीतल्या लोकांशी बोलू का? आणि मनात येतं ते विचारूनच टाकते: लोक सुचवतात तसं काही त्याच्या बाबतीत असेल का?

— एक आई

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमच्यासारखीच त्या आजोबांवर चिडले. दुसऱ्या वाचनात मात्र दोन जागी अडखळले. एक ते मोजे आणि दुसरा तो कंस.

आधी मोजे. क्लास बंद झाला, म्हणजे नाच सुटला असं तुम्ही धरून चालला आहात. अहो, मध्यरात्री न्हाणीघरात मोजे घालून उभ्या राहणाऱ्या पोराचे पाय अवघडलेले नसतात. तो तत्कार, म्हणजे कथकमधलं पावलांचं काम, करतो आहे. अनवाणी तळवा फरशीवर सपाट पडला की जो टणक आवाज निघतो, तो घरात कोणाच्या कानी जाऊ नये म्हणून मोजे. मोज्यांत तत्कार करून बघा एकदा. पाऊल सरकतं, ‘ता थेई थेई तत’मधली कुठली थेई नीट पडली आणि कुठली निसटली ते आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही. कथक शिकणाऱ्या पोराची निम्मी मौज त्या आवाजात असते. ती सोडून, घसरत्या पायांनी, एकटा, अंधारात तो रियाज करतोय. त्याचा नाच चालूच आहे. आवाज तेवढा त्याने बंद केलाय. (रात्री झोपण्याआधी न्हाणीघराची फरशी कोरडी पुसून ठेवत जा. ओल्या लादीवर मोजे म्हणजे हाड मोडायची सोय. का पुसता ते मात्र त्याला सांगू नका.)

त्या सिनेमातला बिलीही घरी आरशासमोर गिरकीचा सराव करतो, न्हाणीघरात. तुमच्या मुलाने ते पाहूनच न्हाणीघर निवडलं की घरात दाराला कडी असलेली ती एकच खोली म्हणून, कोण जाणे. पण तुम्हाला वाटतं तितका तो सिनेमा वाया गेलेला नाही.

आता कंस. सगळ्या पत्रात तुम्ही लोकांच्या हसण्याबद्दल लिहिलंत आणि स्वतःचं हसणं कंसात घातलंत. मी तुम्हाला पकडायला हे म्हणत नाही, कारण मीही तिथे हसले होते. पोरगा पायात बॉक्सिंगचे बूट घालून त्या झगेवाल्या पोरींच्या रांगेत उभा राहतो, गिरकी घेतो, आदळतो. तिथे प्रेक्षकाने हसावं म्हणूनच दिग्दर्शकाने तो प्रसंग तसा घेतलाय. ते हसू मायेचं असतं, रांगायला लागलेलं मूल बदकन बसलं की हसतो तसं. पण अंधाऱ्या हॉलमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला हसण्याचे प्रकार ओळखता येत नाहीत. त्याला एवढंच कळलं, की मागून ‘नाच्या’ आलं आणि त्याच मिनिटाला शेजारून आईही हसली.

आणि मला खात्री आहे, तो पडद्याकडे बघत नव्हता. आपल्याबद्दलची गोष्ट चारचौघांत चालली असली की माणूस ती गोष्ट ऐकत नाही, ऐकणाऱ्यांची तोंडं बघतो. आपलं स्थळ सांगून आलं होतं तेव्हा मोठी माणसं बोलत असताना आपण कुठे बघत होतो, आठवतंय ना? तुमचा मुलगा दोन तास प्रेक्षकच बघत बसला होता. त्यातल्या चाळीस जणांची तोंडं तो वर्षभरात विसरेल. दोन नाही विसरणार. एक तुमचं, आणि दुसरं तुमच्या यजमानांचं.

तेव्हा पहिलं काम तुमचं आणि ते याच आठवड्यात करायचं आहे. त्याला समोर बसवून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ अशी सुरुवात करू नका. त्या वाक्याने कोणत्याही वयाचा माणूस आतून कुलूप लावतो. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही अशा जागी सहज काढा. ‘त्या दिवशी तो पडला तेव्हा मी हसले. तू पहिल्या वर्षी चक्कर घेताना टेबलावर जाऊन आदळला होतास ते आठवलं म्हणून. पण मागचे लोक हसत होते तेव्हाच मी हसले, ते चुकलं. तुला वाईट वाटलं असेल.’ बस, एवढंच. टेबलाचं मी माझ्या मनाने घातलंय, तुमच्या घरात जे खरं घडलं असेल ते घाला. तो ‘नाही, मला काही नाही वाटलं’ म्हणेल. म्हणू दे. लगेच विषय बदला. वाटलं नसतं तर तो मोजे घालून उभा राहिला नसता, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यालाही.

आता ‘नाच्या’. हा शब्द मागच्या रांगेतून आयता आला, कारण आपल्या प्रेक्षकाला तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. तमाशात बाई उभी राहण्याआधीच्या काळात नाच्या पोऱ्याच लावणीवर नाचायचा आणि लोक तो नाच बघायला यायचे. पुढे तमाशापटांत गणपत पाटलांनी नाच्या असा काही उभा केला, की नुसता हात कमरेवर गेला तरी थिएटर हसायचं. खरं तर ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. पण पडद्यावरची ती चाल त्यांना जन्मभर चिकटली. माझं एक निरीक्षण आहे, पटलं तर घ्या. नाचणारा पुरुष आपल्या प्रेक्षकाला तीन रूपांत चालतो. तो देव असला तर, बाई झाला तर, किंवा विनोद झाला तर. बालगंधर्वांचं लुगडं नेसणं बघून घरंदाज बायका तसं नेसायला शिकल्या असं आपल्या आज्या कौतुकाने सांगत. पण साधा शर्ट-पँट घातलेला, मिसरूड न फुटलेला पोरगा स्वतःच्याच रूपात, स्वतःच्या आनंदासाठी नाचतो म्हटलं की त्याला बसवायला आपल्याकडे खण नाही. मग लोक हसतात. बऱ्याचदा त्यात दुष्टावा नसतो, गोंधळ असतो.

पण गोंधळातून आलेलं हसूही लागतं. माझा एक आतेभाऊ होता, म्हणजे आहे. लहानपणी मेळ्यात इतका सुंदर नाचायचा की माणसं थांबून बघायची. आम्ही चुलत-आते भावंडं त्याला सुट्टीभर ‘नाच्या, नाच्या’ म्हणून पिडायचो. त्यात मी पुढे. आठवीत गेल्यावर त्याने सोडलं. आज साठीला आलाय. घरातल्या कोणत्याही लग्नाच्या वरातीत बघा, सगळे नाचत असतात आणि हा कडेला उभा राहून बायकांच्या पर्सा आणि पोरांचे मोबाइल सांभाळत असतो. ताशाचा ठेका धरून उजव्या पायाचा अंगठा तेवढा चपलेत हलत असतो. मी तो अंगठा बघते आणि मान वळवते. कधी माफी मागितली नाही. मागायला गेले तर तो म्हणेल, ‘अगं, मला काही नाही वाटलं.’

हे हसणं आपल्याच गावचं आहे असंही समजू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात निवेदिकेने बातमी दिली, की इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, वय वर्षं सहा, शाळेत इतर विषयांबरोबर बॅलेही शिकणार आहे. सांगता सांगता ती हसली आणि स्टुडिओतले प्रेक्षकही खदखदले. पुढच्या सोमवारी न्यूयॉर्कमध्ये त्याच स्टुडिओबाहेर भर टाइम्स स्क्वेअरमध्ये सुमारे ३०० नर्तक जमले आणि रस्त्यावर बॅलेचा तास भरवला. तिला जाहीर माफी मागावी लागली. आणि हंगेरीत तर याच बिलीच्या कथेवरच्या संगीतिकेचे १५ प्रयोग बुडापेस्टच्या सरकारी ऑपेराने जून २०१८ मध्ये रद्द केले. एका सरकारधार्जिण्या वर्तमानपत्राने ओरड केली होती, की हे बघून मुलगे समलिंगी होतील. त्या ओरडीने तिकिटं खपेनाशी झाली, असं ऑपेराच्या संचालकांनीच सांगितलं. तीच संगीतिका लंडनमध्ये २००५ पासून ११ वर्षं चालली होती. गोष्ट एकच, बघणारे वेगळे.

यावरूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. तुम्ही तो शेवटी, घाईघाईने विचारलात, म्हणजे तोच सगळ्यात जास्त छळत असणार. ताई, मुलाला नाचायला आवडतं यावरून त्याला पुढे कोण आवडेल हे कळत नाही. क्रिकेटवरूनही कळत नाही. त्या सिनेमाने हे फार शहाणपणाने दाखवलंय. मुलांकडे ओढ असलेला मुलगा त्यात आहे, पण तो बिली नाही, त्याचा मित्र मायकल आहे. आणि मायकल बॅले शिकत नाही. बिलीला नुसतं नाचायचंय. बाराव्या वर्षी तुमच्या मुलालाच स्वतःबद्दल अजून ठाऊक नसेल. त्याच्या चालण्या-बोलण्यातून तुम्ही उत्तर शोधायला लागलात, तर त्याला ते लगेच जाणवेल आणि मग न्हाणीघराची कडीही पुरणार नाही. समजा उद्या कधी त्याने येऊन सांगितलंच की हो, तसं आहे, तरी तो तुमचाच मुलगा असेल आणि त्याची चक्करं तितकीच सुरेख असतील. त्या दिवशी काय बोलायचं याची तयारी आज करायची गरज नाही. आज फक्त घरात ‘बायल्या’ हा शब्द कोणाबद्दलही, अगदी टीव्हीवरच्या माणसाबद्दलही, विनोदानेसुद्धा उच्चारला जाणार नाही एवढं बघा.

सिनेमा दाखवणं चूक होती का? दाखवणं नाही, चाळीस जणांत दाखवणं, हो, थोडीशी. ब्रिटनमध्ये त्याला ‘१५’ प्रमाणपत्र मिळालं होतं, म्हणजे पंधरा वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेश नाही, कारण खाणकामगार त्यात अस्सल खाणकामगारांसारख्या शिव्या देतात. आधी घरी तिघांनी बघितला असता तर बरं होतं. पण गंमत ऐका. बिलीचं काम करणारा जेमी बेल सप्टेंबर २००० मध्ये सिनेमा लागला तेव्हा १४ वर्षांचा होता. म्हणजे नियमाने त्याला स्वतःचाच सिनेमा थिएटरात बघता आला नसता! हा मुलगाही इंग्लंडच्या त्याच ईशान्य भागातला, सहाव्या वर्षापासून नाच शिकणारा आणि शाळेतल्या पोरांपासून तो लपवून ठेवणारा. दोन हजारांहून जास्त मुलांतून त्याला निवडलं आणि पुढच्या वर्षी ब्रिटनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कार त्याने टॉम हँक्स आणि रसेल क्रो यांच्यासारख्यांसमोर जिंकला. हे तुमच्या मुलाला सांगितलंत तर हरकत नाही. मात्र बक्षिसावर जोर देऊ नका, लपवण्यावर द्या. ‘त्यालाही लपवावं लागलं होतं’ हे त्याच्या जास्त कामाचं आहे.

नटराजाचा दाखला मात्र कृपा करून नको. ‘अरे, साक्षात शंकर नाचायचा’ हे नाचणाऱ्या प्रत्येक मुलाला इतक्यांदा ऐकवलेलं असतं, की त्याचा अर्थ ‘तुझी बाजू इतकी लंगडी आहे की देवालाच साक्षीला बोलवावं लागतंय’ असाच होतो. बिरजूमहाराजांचंही नाव त्याच्या गुरूंनी घेतलं असेलच, पुन्हा यादी वाचू नका. त्याला थोर माणूस नको आहे. त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, दाढी फुटायला लागलेला, कथक करणारा एखादा दादा हवाय, जो बसचा नंबर विचारावा तसा सहज त्याला विचारेल, ‘तुझा तीनताल कुठपर्यंत आला?’ गुरूंना फोन करा. क्लासला कधी येणार हे ते विचारतील, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणा आणि असा कोणी मोठा मुलगा त्यांच्या ओळखीत आहे का ते विचारा. एकवीस मुलींत एकटा असण्यावर तेवढा एकच उपाय मला ठाऊक आहे.

सोसायटीतल्या लोकांशी काही बोलू नका. सभा नको, ग्रुपवर मेसेज तर नकोच. त्याने ‘बिली’ हे नाव आणखी पक्कं होईल. लिफ्टमधली मुलं नुसती हाक मारतात तोवर दुर्लक्ष. हात लावला, वाट अडवली, व्हिडिओ काढला तर मात्र त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं, दोघांनी मिळून, आणि दारातच उभं राहून बोलायचं.

त्या आजोबांचं थोडं सांगायला हवं, कारण तुम्हाला ते कोडं वाटतंय. ते कुठे रडले ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते: बसपाशी. आठवतंय? बिलीच्या गावात मार्च १९८४ पासून खाणींचा संप चालू आहे. बाप आणि थोरला भाऊ दोघंही संपात. फुटून कामावर जाणाऱ्यांना पोलिसांच्या बंदोबस्तात बसमधून नेतात आणि बाहेर उभे असलेले त्यांच्यावर अंडी मारतात, थुंकतात. आणि एक दिवस पोराच्या लंडनच्या बॅले शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या खर्चासाठी बापच त्या बसमध्ये चढतो. थोरला मुलगा धावत जाऊन त्याला गाठतो आणि दोघं गळ्यात पडून रडतात. आता विचार करा, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. त्यातला एक माणूस तुमच्या हॉलमध्ये बसलेला आहे. पोरांसाठी कोण फुटला, कोण नाही फुटला, कोणाच्या घरात भांडी विकली गेली, हे त्याला सिनेमातून कळायला नको. बॅलेवर तो हसला कारण बॅले त्याचं नव्हतं. त्या बसवर रडला कारण ती त्याची होती. एकाच माणसाची एकाच संध्याकाळची ही दोन रूपं आहेत, आणि पहिल्यावरून दुसरा खोटा ठरत नाही. तुमच्या मुलाला हे सांगाच. ‘त्यांना दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या, पण मग रडले का, माहितीय?’ बारा वर्षांच्या मुलाला संपाची गोष्ट कळते. कदाचित तो एखाद दिवशी आजोबांनाच विचारेल. विचारू दे.

राहता राहिले तुमचे यजमान. ते हसले नाहीत हे तुम्ही त्यांच्या बाजूने लिहिलंत. बरोबर आहे, मोठी गोष्ट आहे. पण मुलाच्या खुर्चीवरून बघा. आई हसली म्हणजे निदान काहीतरी कळलं. बाबा अंधारात नुसते बसून होते. त्या गप्प बसण्यात काय भरायचं ते त्याने स्वतःच्या मनाने भरलं असणार, आणि त्या वयात मन चांगलं काही भरत नाही.

त्यांना बोलायला लावू नका. ‘तुम्ही त्याला एकदा सांगा ना, की मला तुझा अभिमान आहे’ असं म्हणालात तर ते शाळेतल्या स्नेहसंमेलनात आभार मानावेत तसं सांगतील आणि दोघंही अवघडतील. काही माणसं बोलून सांगणारी नसतात. बिलीचा बापही त्यातलाच. ख्रिसमसच्या रात्री तो हॉलमध्ये येतो, पोरगं समोर छाती काढून उभं राहतं आणि नाचून दाखवतं. सगळा राग, सगळी जिद्द पायांतून काढतं. बाप ते सगळं बघतो. मिठी मारत नाही, शाबास म्हणत नाही. तडक वळून बॅलेच्या बाईंच्या घरी जातो आणि खर्च किती येईल ते विचारतो. बाई पैसे देऊ करतात, ते घेत नाही. आणि पुढे निवडीचं पत्र येतं तेव्हा तोच माणूस चढाची वाट धावत जाऊन मित्रांना सांगतो, आणि मित्र त्याला सांगतात की संप संपला, आपण हरलो. एका मिनिटात दोन बातम्या. शेवटी तो लंडनच्या थिएटरात खुर्चीत बसलेला आहे आणि पोरगा रंगमंचावर झेप घेतो, तेव्हा त्याचा श्वास अडकतो. मला विचाराल तर सगळ्या सिनेमाचा खरा प्रेक्षक तो एकटा.

तुमच्या यजमानांनाही काहीतरी हाताने करायला द्या. तुम्ही लिहिलंय, घुंगरांची दोरी विरली आहे. दुकानातून ओवून आणू नका. नवी दोरी आणा, सुती, घट्ट वळलेली. नायलॉनची गाठ सरकते. घुंगरं एकट्याला ओवता येत नाहीत, म्हणजे येतात, पण गाठी सैल राहतात. एकाने दोरी दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि दुसऱ्याने एकेक घुंगरू ओवून त्याच्यामागे गाठ आवळत जायचं. पन्नास-पन्नासचे दोन पट्टे असतील तर शंभर गाठी झाल्या. रविवारची दुपार जाईल. मुलगा ‘राहू दे’ म्हणेल. तुम्ही काही बोलू नका, ती दोरी, ती कात्री आणि जुन्या पट्ट्याची सुटलेली घुंगरं वाटीत घालून यजमानांच्या पुढ्यात ठेवा आणि कामाला लागा. दहा-बारा गाठी त्यांच्या चुकू द्या. गाठ घुंगराच्या किती जवळ मारायची ते त्यांना माहीत नसणार, आणि घरात ते माहीत असलेला माणूस एकच आहे.